खाऱ्या पाण्याच्या माशांसाठी क्वारंटाईन टँक: मासा आणायच्या आधी काय, आणल्यावर काय, आणि कुठल्या क्रमानं

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले मरीन टँकवाले मला विचारतात तो प्रश्न जवळपास एकच असतो, की मासा आणला, क्वारंटाईनमध्ये, म्हणजे मुख्य टँकच्या आधी नव्या माशाला वेगळं ठेवायच्या टँकमध्ये, सोडला आणि चार दिवसात तिथंच गेला, मग त्या क्वारंटाईनचा उपयोग काय झाला. जरा खोदून विचारलं की कळतं टँक मासा आला त्याच दिवशी लावलेला, स्पंज कोरा, मीठ सकाळी विरघळवलेलं, हीटर संध्याकाळी आठवण झाल्यावर घातलेला. असल्या पाण्यात दोन दिवसात अमोनिया चढतो, मग माशाला रोग असो नसो तो टिकत नाही. औषधाच्या चुका फार पुढच्या, बहुतेकांची चूक क्रमात होते. म्हणून खाली सगळं क्रमानंच लिहिलंय, आधी टँक, मग पाणी, मग बॅक्टेरिया, मग मासा, आणि औषध सगळ्यात शेवटी.

मासा बुक करायच्या किमान महिनाभर आधी सुरुवात करा. तेवढा वेळ नसेल तर मासा पुढं ढकला. दुकानदार म्हणतोय शेवटचाच पीस राहिलाय, म्हणू दे की.

टप्पा १: टँक, सामान आणि जागा

क्लाउन, डॅमसेल, गोबी, छोटे रास असल्या माशांना ६० बाय ३० बाय ३६ सेंटीमीटरचा, म्हणजे साधारण दोन फुटी टँक पुरतो. टँग किंवा मोठा एंजल घेणार असाल तर तीन फुटीच घ्या, कारण टँगला पोहायला लांबी लागते आणि छोट्या जागेत तो खाणं सोडतो. महाग टँक नको, काचवाल्याकडनं साधा जोडून घेतलेला चालतो. आत वाळू नाही, लाईव्ह रॉक (बॅक्टेरिया वगैरे बसलेला समुद्री दगड) नाही, कोरलचे तुकडे नाहीत. चुनखडीचा दगड कॉपर, म्हणजे परजीवी मारायचं तांब्याचं औषध, शोषून घेतो, मग तुम्ही डोस टाकत राहता आणि पाण्यातली पातळी घसरत राहते, आणि वाळूत घाण व परजीवीचे कोष लपून बसतात. तळ उघडाच पाहिजे.

लपायला मात्र जागा लागतेच, नाहीतर मासा दिवसभर घाबरून काचेला घासत फिरतो. हार्डवेअरच्या दुकानातनं पांढऱ्या पीव्हीसी पाइपचे एल्बो आणि टी घ्या, दोन इंची, नवे, वापरलेले नकोत, आणि पितळेचा थ्रेड बसवलेले तर मुळीच नकोत. कोमट पाण्यात धुवा, साबण लावू नका. टँकच्या तीन बाजूंना बाहेरनं गडद कागद चिकटवा, मासा लवकर शांत होतो.

बाकी सामान असं: स्पंज फिल्टर दोन, एअर पंप, हीटर, वेगळा थर्मामीटर, अमोनिया टेस्ट किट, खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणि त्याचं ३५ पीपीटीचं (हजार भागात ३५ भाग मीठ) कॅलिब्रेशन लिक्विड, झाकण, एक जाळं, दोन बादल्या, एक मग, घाण ओढायला पातळ नळी. झाकणाला मच्छरदाणीची जाळी चौकटीवर ताणून लावली तरी काम होतं, झाकण मात्र पाहिजेच, फायरफिश आणि रास रात्री उडी मारतात आणि सकाळी फरशीवर सापडतात. जाळं, बादली, मग, नळी या सगळ्याला लाल टेप गुंडाळा आणि लाल टेपवाली वस्तू डिस्प्लेच्या, म्हणजे मुख्य टँकला कधीच लावायची नाही असं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. ओल्या जाळ्यातनं परजीवी सहज पलीकडं जातो, आणि कॉपरचा अंश रीफ टँकमधल्या कोळंबी-गोगलगायीला मारतो.

जागा डिस्प्ले टँकपासनं निदान दहा फूट लांब. वेल्वेट नावाचा रोग बुडबुडे फुटून उडणाऱ्या बारीक थेंबांतनंसुद्धा जवळच्या टँकमध्ये पोचतो, म्हणून शेजारी शेजारी दोन टँक ठेवून क्वारंटाईन केलं म्हणणं खरं नाही. देवघराजवळ ठेवू नका, एअर पंप उदबत्ती, धूप आणि मच्छर कॉइलचा धूर ओढून थेट पाण्यात सोडतो. गल्लीत फॉगिंगची गाडी आली की खिडक्या लावा, पंप तेवढ्यापुरता बंद करा, वास गेला की लगेच चालू करा.

*तपासा:* साध्या पाण्यानं काठोकाठ भरून २४ तास ठेवा, खाली वर्तमानपत्र घाला. कागद कोरडा राहिला तर पुढं चला.

टप्पा २: पाणी, आणि मोजलेलं पाणी

नळाला राकसकोपचं पाणी असो की हिडकलचं, त्यात क्लोरीन असतंच, आणि पावसाळ्यात गढूळही येतं. बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, गल्लीगणिक बदलतो. म्हणून आरओचंच पाणी वापरा. खरं घरच्या आरओबद्दल दोन गोष्टी बघून घ्या. एक, त्याला टीडीएस कंट्रोलर असतो, म्हणजे चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळतात, तो स्क्रू मेकॅनिककडनं पूर्ण बंद करून घ्या किंवा मेम्ब्रेननंतरच्या पाइपमधनंच पाणी काढा. दोन, हल्ली बऱ्याच मशीनला कॉपरचं काडतूस लावलेलं असतं, माणसाला चांगलं म्हणून विकतात, ते पाणी मरीन टँकला नको. काडतुसाच्या आधीचं पाणी घ्या. तांब्याच्या घागरीत किंवा पिंपात साठवलेलं पाणीही नको. टीडीएस मीटरवर क्वारंटाईनसाठी २०-३० पर्यंत आकडा आला तरी चालून जातं, डिस्प्लेला तेवढा चालत नाही.

गोवा जवळ आहे म्हणून चोर्ल्यावरनं कॅन भरून समुद्राचं पाणी आणणारे आहेत. क्वारंटाईनला ते वापरू नका. किनाऱ्याच्या पाण्यात काय काय जिवंत येतं ते दिसत नाही, नदीच्या मुखाजवळचं पाणी पावसाळ्यात अर्धं गोडं झालेलं असतं, आणि आपण हा टँक लावतोय तो बाहेरचं काही आत येऊ नये म्हणूनच.

मीठ मरीन सॉल्टच पाहिजे. खडे मीठ, सैंधव, स्वयंपाकाचं मीठ यातलं काही चालत नाही, त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, कार्बोनेट त्या प्रमाणात नसतं. ब्रँडप्रमाणे लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, पाकिटावर बघा. पद्धत अशी:

१. १० लिटरची मोजलेली बादली घ्या. पाच बादल्या आरओ पाणी टँकमध्ये ओता. जिथं पाणी पोचलं तिथं काचेवर मार्करनं रेघ मारा. ही ५० लिटरची रेघ, आणि पुढं औषधाचा सगळा हिशोब या रेघेवर चालणार आहे. टँकचं माप गुणून काढलेले लिटर धरू नका, काचेची जाडी, न भरलेली उंची, आतले पाइप यानं आकडा चुकतो. पाइप नंतर घाला, पाणी रेघेच्या वर चढेल, तिथं दुसरी रेघ मारा आणि बाजूला ५० लिहा.
२. हीटर लावा, २५ डिग्रीला आणा, पंपानं पाणी हलतं ठेवा.
३. आता मीठ थोडं थोडं टाका. आधी मीठ आणि वरनं पाणी असं कधीच करू नका, घट्ट द्रावणात कॅल्शियम-कार्बोनेट खाली बसतं आणि परत विरघळत नाही.
४. २४ तास फिरू द्या, मग मोजा. सॅलिनिटी, म्हणजे खारेपणा, रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ च्या आसपास आली पाहिजे.

रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून बरोबर आहे असं समजू नका. ३५ पीपीटीच्या लिक्विडवर कॅलिब्रेट करा, कारण शून्याला बरोबर असलेलं मीटर वर ३५ ला चुकलेलं असू शकतं. प्लास्टिकच्या काट्याचे हायड्रोमीटर तर काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी वेगळाच आकडा देतात.

*सावध:* ज्या दिवशी टँक भरता त्याच दिवशी आणखी २५ लिटर मिठाचं पाणी झाकणाच्या ड्रममध्ये करून ठेवा, आणि पूर्ण काळ तेवढं शिल्लक ठेवा. अमोनिया रात्री अकराला चढतो, तेव्हा मीठ विरघळवत बसायला वेळ नसतो, आणि आपल्याकडं नळाला पाणी रोज येईलच असंही नाही. लोक सगळ्यात जास्त विसरतात ते हेच पाणी.

टप्पा ३: बॅक्टेरिया, म्हणजे महिना जातो तो इथं

माशाच्या कल्ल्यातनं आणि विष्ठेतनं अमोनिया सतत बाहेर पडतो. तो खाणारे बॅक्टेरिया स्पंजवर बसलेले असतील तरच टँक चालतो. स्पंज तयार करायचे दोन मार्ग आहेत.

पहिला, डिस्प्लेच्या संपमध्ये (फिल्टरच्या वेगळ्या टाकीत) दोन्ही स्पंज चार ते सहा आठवडे ठेवून द्यायचे आणि मासा यायच्या दिवशी उचलून इकडं आणायचे. सोपं आहे, खरं डिस्प्लेमध्ये रोग झालेला नसेल तरच. तिथं पांढरे ठिपके येऊन गेलेत आणि मासे वाचले म्हणजे रोग गेला असं नसतं, परजीवी तिथंच राहतो, आणि तोच स्पंज इकडं आणला तर नव्या माशाला तुम्हीच रोग दिला.

दुसरा मार्ग, आणि पहिल्यांदा करणाऱ्याला मी हाच सांगतो, क्वारंटाईन टँक स्वतंत्र सायकल करा, म्हणजे मासा नसतानाच त्यात बॅक्टेरिया वाढवा. बाटलीतले मरीन बॅक्टेरिया टाका, आणि अमोनियाचा स्रोत म्हणून अमोनियम क्लोराइडनं पातळी २ पीपीएमपर्यंत (लिटरला २ मिलिग्रॅम) न्या. ते मिळालं नाही तर मासळी बाजारातली एक सोललेली कोळंबी जुन्या नायलॉन मोज्यात बांधून आत सोडा, वास येईल, चालतं, चार-पाच दिवसांनी काढून टाका. दोन दिवसाआड टेस्ट करा. २ पीपीएम अमोनिया टाकल्यावर २४ तासात शून्य झाला की टँक तयार. याला तीन-चार आठवडे लागतात, आणि थंडीत पाणी गार राहिलं तर जास्तच. बाटलीवर काहीही लिहिलेलं असू दे, टेस्टवर विश्वास ठेवा.

टँक तयार झाला आणि मासा यायला अजून आठवडा आहे, तर बॅक्टेरियाला उपाशी ठेवू नका, दोन-तीन दिवसातनं एकदा चिमूटभर खाद्य टाका.

*तपासा:* अमोनिया शून्य, नायट्राईट शून्य, नायट्रेट थोडं आहे. मग साधारण ४० टक्के पाणी बदला, आणि मगच मासा बुक करा.

टप्पा ४: हीटर आणि लाईट

मुंबई-गोव्याच्या लोकांचं ऐकून हीटर घेऊ नका. बेळगाव समुद्रसपाटीपासनं साडेसातशे मीटरच्या आसपास उंच आहे, डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १५ च्या खाली जातो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभर ऊन दिसत नाही. ५० लिटरला इथं १०० वॅट घ्या. हीटरच्या डायलवर २५ लिहिलंय म्हणून पाणी २५ असतंच असं नाही, वेगळा थर्मामीटर त्यासाठीच सांगितला. २५ ते २६ डिग्री ठेवा. चढउतार एका दिवसात एका डिग्रीपेक्षा जास्त नको.

एअर पंप चार-पाच वॅट खातो, तो इन्व्हर्टरच्या लाइनवर लावा. हीटर इन्व्हर्टरवर लावून बॅटरी संपवू नका. रात्री लाईट जास्त वेळ गेली तर टँकभोवती चादर गुंडाळा, चार तास तरी निघतात. इन्व्हर्टर नसेल तर सेलवर चालणारा छोटा पंप घरात असू दे. गारव्यापेक्षा हवा बंद पडणं जास्त लवकर मारतं.

वायर प्लगपर्यंत जाताना खाली झोका देऊन न्या, म्हणजे वायरवरनं ओघळणारं पाणी झोक्यातनं खाली पडेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. खारं पाणी आहे, हे मनावर घ्या. पाणी बदलताना आधी हीटरचं बटण बंद, मग हात आत.

टप्पा ५: मासा निवडणं आणि प्रवास

आपल्याकडं मरीन मासा येतो तो बहुतेक मुंबई, बेंगळुरू नाहीतर चेन्नईवरनं, रात्रीच्या बसनं, थर्माकोलच्या पेटीत. म्हणजे पिशवीत दहा-बारा तास धरूनच चाला. पैसे द्यायच्या आधी व्हिडिओ मागवा आणि त्यात मासा खाताना दिसला पाहिजे, नुसतं पोहताना नको. कल्ले दोन्ही बाजूंनी सारखे हलतात का, डोळा स्वच्छ आहे का, पोट आत गेलंय का, पंख मिटून बसलाय का, एवढं बघा. आणि दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: तुमच्या टँकची सॅलिनिटी किती, आणि तुम्ही कॉपर ठेवता का, ठेवत असाल तर किती.

सॅलिनिटी विचारायचं कारण असं की बरेच विक्रेते पाणी १.०१८ ते १.०२० वर ठेवतात, मीठ वाचतं आणि परजीवी जरा दबून राहतो. तुमचा टँक १.०२५ वर आणि मासा १.०१८ वरनं येतोय, तर मासा यायच्या आदल्या दिवशी क्वारंटाईन १.०१८ वर आणून ठेवा. कमी सॅलिनिटीत उतरणं माशाला सोसतं, चढणं सोसत नाही. नंतर रोज जास्तीत जास्त ०.००१ ते ०.००२ नं वाढवत न्यायचं.

जुलै-ऑगस्टमध्ये शक्यतो मागवू नका. घाटात दरड पडली, गाडी अडकली, तर पिशवीतला ऑक्सिजन कुणाची वाट बघत नाही. मे महिन्यातल्या दुपारच्या गाड्याही नकोत. एका वेळी एक मासा, फार तर एकाच जागेवरनं आलेले दोन शांत मासे. मध्येच तिसरा आणून टाकला की दिवस परत पहिल्यापासनं मोजायचे, ही गोष्ट कुणाला आवडत नाही, खरं तसंच आहे.

सीहॉर्स कुणी देतो म्हणाला तर घेऊ नका, तो वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे.

टप्पा ६: पिशवीतनं टँकमध्ये

इथं तासभर ड्रिप लावायची जुनी सवय सोडा. दहा-बारा तास बंद पिशवीत माशाच्या श्वासानं कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो, आणि उतरलेल्या पीएचला पिशवीतला अमोनिया बराचसा अमोनियमच्या रूपात असतो, जो तेवढा विषारी नाही. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्या पाण्यात मासा तासभर ठेवून थेंब थेंब टाकत बसलात तर त्याचे कल्ले जळतात.

१. खोलीचे लाईट मंद करा. पेटी एकदम उजेडात उघडू नका.
२. बंद पिशवी टँकवर २० मिनिटं तरंगत ठेवा, तापमान जुळू द्या.
३. पिशवी उघडा, थोडं पाणी काढून सॅलिनिटी मोजा. विक्रेत्यानं सांगितलेला आकडा बरोबर निघेलच असं नाही. टँकमध्ये आणि पिशवीत ०.००२ पेक्षा जास्त फरक असेल, आणि टँक जास्त खारा असेल, तर टँकमध्ये आरओ पाणी घालून उतरवा.
४. पिशवी लाल टेपच्या बादलीवर धरून पाणी ओता, मासा प्लास्टिकच्या डब्यानं किंवा ओल्या हातानं धरून टँकमध्ये सोडा. काटेवाला मासा जाळ्यात अडकतो, लायनफिशला तर हात लावूच नका, डबा वापरा.
५. पिशवीचं पाणी टँकमध्ये एक थेंबही जाऊ नये. संडासात ओता.

*सावध:* पहिल्या दिवशी खायला घालू नका, लाईट लावू नका, काच टकटक करू नका. मुलांना दुसऱ्या दिवशी दाखवा.

टप्पा ७: पहिले चार-पाच दिवस

दुसऱ्या दिवशी मासा शांत बसलेला असताना एका मिनिटात कल्ले किती वेळा हलतात ते मोजा आणि वहीत लिहा. हाच तुमचा आधाराचा आकडा, पुढं रोज त्याच वेळी मोजायचं. श्वास वाढत गेला तर आधी अमोनिया बघा, तो शून्य असेल तर रोगाकडं बघा.

खायला दिवसातनं तीनदा थोडं थोडं, फ्रोजन मायसिस, ब्राईन श्रिम्प, टँगला नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा. पाच मिनिटात न खाल्लेलं नळीनं ओढून काढा, टँक बिघडतो तो सडलेल्या खाद्यानंच. न खाणाऱ्या माशाला जिवंत आर्टेमिया दाखवा, बहुतेक वेळा त्यानं तोंड उघडतं. जो मासा अजून खात नाही त्याला औषध सुरू करू नका, फक्त एकच अपवाद, वेल्वेट किंवा ब्रूकलिनेलासारखा पटकन मारणारा रोग डोळ्यासमोर दिसतोय.

अमोनिया रोज सकाळी टेस्ट. ०.२५ पीपीएम दिसला की त्याच दिवशी ३० टक्के पाणी बदला, ड्रममध्ये ठेवलेलं पाणी तापमान जुळवून. पाण्याची वाफ झाली की रेघेपर्यंत आरओचं गोडं पाणी घाला, मिठाचं नाही. वाफेत मीठ जात नाही, त्यामुळं खारं पाणी घालत राहिलात तर आठवड्यात टँक १.०३० वर गेलेला असतो, ही चूक मी वारंवार बघतो.

रोग ओळखायला एवढं लक्षात ठेवा. मरीन इच, म्हणजे क्रिप्टोकॅरियन, यात ठिपके रव्याच्या दाण्यासारखे सुटे सुटे दिसतात, दोन-चार दिवसात गळून पडतात आणि मग परत येतात, आणि गळून पडले म्हणजे बरा झाला असं समजून लोक फसतात. वेल्वेटमध्ये तेच पीठ भुरभुरल्यासारखं बारीक असतं, टॉर्च तिरका धरला तर दिसतं, मासा लाईट टाळतो, पाण्याच्या धारेत तोंड घालून उभा राहतो, आणि एक-दोन दिवसात जातो. ब्रूकलिनेला बहुतेक करून क्लाउनला, अंगावर पांढरी चिकट कातडी सुटल्यासारखी, आणि त्याला कॉपर लागू पडत नाही. फ्लूक, म्हणजे कातडीला-कल्ल्याला चिकटणारे बारीक चपटे जंत, असतील तर मासा अंग घासतो, जांभया देतो, डोळा धूसर होतो.

फ्लूकचा संशय असेल तर गोड्या पाण्याची डुबकी देऊन खात्री करता येते. आरओ पाणी, तापमान टँकइतकंच, बेकिंग सोड्यानं पीएच टँकइतका, हवा चालू, काळ्या रंगाचा टब. मासा तीन ते पाच मिनिटं आत, तुम्ही शेजारीच बसून. मासा आडवा झाला आणि सरळ होईना तर लगेच बाहेर. टबाच्या तळाला बारीक पांढरे ठिपके पडलेले दिसले तर फ्लूक आहेत. डुबकी हा पूर्ण इलाज नाही, इलाज टप्पा ९ मध्ये.

*सावध:* दुकानदार हमखास निळं औषध देतो, मिथिलीन ब्लू. ते टँकमध्ये टाकलं की स्पंजवरचे बॅक्टेरिया मरतात आणि महिन्याची मेहनत एका दुपारी जाते. वेगळ्या बादलीत डुबकीला वापरा, टँकमध्ये नाही.

टप्पा ८: कॉपर

समुद्रातनं पकडून आणलेल्या टँग, एंजल, डॅमसेलला लक्षण नसलं तरी मी कॉपर देतो. परजीवी कल्ल्यात असेल तर बाहेरनं काहीच दिसत नाही, आणि एकदा डिस्प्लेमध्ये गेला की सगळे मासे बाहेर काढून टँक ७६ दिवस रिकामा ठेवावा लागतो, त्याच्यासमोर हा महिना काहीच नाही. हॅचरीत वाढलेल्या आणि नीट खाणाऱ्या क्लाउनला मात्र नुसतं निरीक्षण ठेवलं तर माझी हरकत नाही, फक्त ते वाट्टेल त्या माशांबरोबर एकाच पाण्यात आलेले नसावेत.

कॉपर दोन प्रकारचं मिळतं आणि जीव जातात ते इथं गोंधळ झाल्यानं. चिलेटेड कॉपर, म्हणजे दुसऱ्या रसायनाला बांधलेलं, जसं कॉपर पॉवर, कॉपर सेफ, यांची पातळी २ ते २.५ पीपीएम ठेवायची असते. क्युप्रामाइनसारख्याची पातळी ०.५ पीपीएम. कुणीतरी २ पीपीएम म्हणाला म्हणून क्युप्रामाइन २ पर्यंत नेलं तर मासा त्याच दिवशी जातो. बाटली कुठली आहे ते आधी वाचा. पहिल्यांदा करणाऱ्यानं चिलेटेडच घ्यावं, त्यात चुकीला थोडी जागा असते.

मोजायला हॅना कंपनीचा हाय रेंज कॉपर चेकर घ्या. रंग जुळवायच्या किटमध्ये दीड आणि दोन यातला फरक डोळ्याला कळत नाही. महाग आहे, दोघा-तिघांत मिळून घ्या, खरं मोजता येत नसेल तर कॉपर टाकूच नका.

१. कार्बन, केमिकल मीडिया असेल तर काढा. यूव्ही दिवा असेल तर बंद करा.
२. बाटलीवरचा डोस ५० लिटरच्या हिशोबानं काढा आणि चार-पाच दिवसात वाटून टाका, रोज थोडा. रोज टाकल्यावर दोन-तीन तासांनी मोजा.
३. २ पीपीएमला पोचल्यावर दिवस मोजायला सुरुवात. त्याच्या आधीचे दिवस धरायचे नाहीत. २.२५ च्या आसपास ठेवा, म्हणजे थोडं घसरलं तरी २ च्या खाली जात नाही.
४. ३० दिवस. मध्ये एकदा जरी २ च्या खाली गेलं तर मोजणी परत एकपासनं.

पाणी बदलताना नव्या पाण्यातही आधी तेवढंच कॉपर मिसळा. ५० पैकी १५ लिटर काढून साधं पाणी घातलंत तर २.२५ चं सरळ १.५७ होतं, आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला वाटतं औषध चालू आहे.

मासा एकदम खाणं सोडून तळाला बसला, तर पातळी मोजा, २.५ च्या वर असेल तर पाणी बदलून खाली आणा. छोटे एंजल, रास, पफर, लायनफिश यांना कॉपर जड जातं, त्यांना आठ-दहा दिवस घेऊन हळूच चढवा. शार्क, रे यांना देऊ नका, आणि कोळंबी, खेकडा, गोगलगाय तर या टँकमध्ये कधीच नको.

*सावध:* कॉपर चालू असताना अमोनिया बांधणारं प्राइमसारखं लिक्विड टाकू नका. अशा लिक्विडनं कॉपरचं रूप बदलून ते जास्त विषारी होऊ शकतं. अमोनिया चढला तर उपाय एकच, कॉपर मिसळलेलं पाणी घालून पाणी बदलणं.

टप्पा ९: प्राझीक्वांटेल

कॉपरनं फ्लूक जात नाहीत, त्याला प्राझीक्वांटेल हे जंताचं औषध. दोन्ही एकदम देणारे अनुभवी लोक आहेत, तुम्ही वेगवेगळं द्या. आधी ताजं कार्बन लावून आणि पाणी बदलून कॉपर काढा, चेकरवर शून्याजवळ आल्यावर कार्बन बाहेर.

लिटरला २.५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० लिटरला १२५ मिलिग्रॅम. पाण्यात सहज विरघळत नाही, छोट्या बाटलीत टँकचं पाणी घेऊन जोरात हलवा आणि सगळीकडं पसरून ओता. एअर पंप पूर्ण चालू ठेवा, कारण या औषधानंतर बॅक्टेरिया वाढून पाणी दुधाळ होतं आणि ऑक्सिजन उतरतो. पाच ते सात दिवसांनी ३० टक्के पाणी बदलून दुसरा डोस. दुसरा डोस चुकवू नका, पहिल्यानं मोठे फ्लूक मरतात, अंडी मरत नाहीत, त्यातनं निघालेली पिल्लं दुसऱ्यानं मारायची असतात.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कुत्र्याच्या जंताच्या गोळ्या टाकायच्या फंदात पडू नका, त्यात बऱ्याचदा आणखी दोन औषधं मिसळलेली असतात. निव्वळ प्राझीक्वांटेलच पाहिजे.

टप्पा १०: औषधाशिवाय दोन आठवडे, मग डिस्प्ले

औषध संपल्यावर लगेच मासा उचलू नका. दोन आठवडे साध्या पाण्यात ठेवा, रोज खाणं, श्वास, कातडी बघा. औषधानं दबलेलं काही असेल तर याच काळात वर येतं. सॅलिनिटी अजून कमी असेल तर याच दिवसात १.०२५ पर्यंत न्या. एकही ठिपका किंवा घासणं दिसलं तर परत टप्पा ७.

सगळं ठीक असेल तर तापमान आणि सॅलिनिटी दोन्हीकडं जुळवा आणि मासा डब्यानं उचलून डिस्प्लेमध्ये सोडा, क्वारंटाईनचं पाणी पलीकडं जाऊ देऊ नका. संध्याकाळी, लाईट बंद झाल्यावर सोडलं तर जुने मासे कमी पळवतात. डिस्प्लेमध्ये भांडखोर टँग असेल तर नव्याला दोन-तीन दिवस आतच जाळीच्या डब्यात ठेवा.

कोरल किंवा गोगलगाय आणलीत तर त्यांनाही थेट सोडू नका, परजीवीचे कोष शिंपल्यावर चिकटून येतात. त्यांना वेगळ्या, कॉपर न लागलेल्या आणि मासे नसलेल्या टँकमध्ये ७६ दिवस ठेवायचं, औषध काही नाही.

मासा गेल्यावर टँक रिकामा करा, पाइप, हीटर, नळी गोड्या पाण्यानं धुवा आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात पूर्ण वाळवा, पावसाळा असेल तर आठवडाभर पंख्याखाली. रोग निघाला असेल तर स्पंज फेकून द्या. निघाला नसेल आणि महिन्याभरात दुसरा मासा घ्यायचाय तर टँक रिकामा करूच नका, स्पंज चालू ठेवा, दोन दिवसातनं एकदा चिमूटभर खाद्य टाका, आणि पुढचा मासा बुक करायच्या आदल्या दिवशी अमोनियाची टेस्ट परत करा.